खालचं बीपी वाढलं म्हणजे नेमकं काय?

"वरचं ठीक आहे, पण खालचं ९६ निघालं. काळजी करायची का?"

भिलाईच्या हुडको वसाहतीत सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो. कधी मराठीत, कधी "नीचेवाला ज्यादा आ रहा है" असा हिंदीत. उत्तरं मात्र एकाला एक जुळत नाहीत. एकजण सांगतो, खालचं वाढलं की लगेच गोळी सुरू करा. दुसरा म्हणतो, वरचं नीट असेल तर खालच्याकडे बघूसुद्धा नका. तिसरा रिकाम्या पोटी लसूण खायला सांगून मोकळा होतो.

खालच्या आकड्याचा अर्थ वयाप्रमाणे बदलतो, आणि हे लक्षात न घेतल्यामुळेच सगळा घोळ होतो. चाळिशीतल्या माणसाचं खालचं बीपी ९६ असेल, तर ती पहिली सूचना असते. सत्तरीतल्या माणसाचं खालचं ६२ आणि वरचं १६० असेल, तर "खालचं छान आहे" म्हणून खूश होण्यासारखं त्यात काही नसतं. दोघांची गोष्ट वेगळी कशी, ते क्रमाने पाहू.

१. दिवसातले पंधरा तास

हृदय मिनिटाला ७५ वेळा धडधडतं असं धरू. म्हणजे एका ठोक्याच्या वाट्याला ०.८ सेकंद येतात. त्यातले साधारण ०.३ सेकंद हृदय आवळतं आणि रक्त महाधमनीत ढकलतं. उरलेले ०.५ सेकंद ते सैल पडतं आणि पुन्हा रक्ताने भरतं. रक्त ढकललं जाताना धमन्यांत दाब चढत जातो, आणि तो जिथपर्यंत चढतो तो वरचा आकडा, म्हणजे सिस्टोलिक. मग तो उतरू लागतो, आणि पुढचा ठोका पडण्याआधी जेवढा उरतो तो खालचा आकडा, म्हणजे डायस्टोलिक. दोन्ही मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. १२०/८० मधले ८० हे दाब किती खाली उतरला ते सांगतात.

आता थोडा हिशोब. ०.८ पैकी ०.५ म्हणजे आठातले पाच भाग. चोवीस तासांचे आठातले पाच भाग म्हणजे १५ तास. दिवसभरातले सुमारे १५ तास आपलं हृदय सैल पडलेलं असतं, पण धमन्यांतलं रक्त तेव्हाही वाहतच असतं. मेंदू, मूत्रपिंडं आणि डोळ्यांचे पडदे हा दाब इतका वेळ सोसतात. तो कायम चढा राहिला, तर त्या नाजूक वाहिन्यांना उसंत मिळत नाही.

उलट बाजूही आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःसाठी लागणारं रक्त मुख्यतः याच विसाव्याच्या काळात मिळतं, कारण आवळताना तो स्नायू आपल्याच पोटातल्या वाहिन्या दाबून धरतो. म्हणून खालचा दाब फार घसरणंही बरं नव्हे.

२. पंप, टाकी आणि नळ

वसाहतीतली पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. पंप थोडा वेळ चालतो आणि थांबतो, तरी घरोघरचे नळ वाहत राहतात, कारण मधल्या वेळचं पाणी टाकी पुरवते. शरीरात हृदय हा पंप, महाधमनी ही टाकी आणि शेवटच्या बारीक धमन्या हे नळ. महाधमनीची भिंत लवचीक असते. ठोका पडला की ती ताणली जाते आणि थोडं रक्त साठवते. ठोका ओसरला की आकसून ते पुढे सरकवते. दोन ठोक्यांमध्ये दाब शून्यावर येत नाही, तो यामुळेच.

बिघाड दोन प्रकारे होऊ शकतो. पहिला नळांचा. वसाहतीतले बरेचसे नळ अर्धवट बंद केले, तर पंप थांबल्यावरही टाकीची पातळी उतरत नाही. बारीक धमन्या आखडल्या की खालचा आकडा असाच वर अडकून राहतो. तिशी ते पन्नाशीतल्या माणसांत, विशेषतः पोट सुटलेल्या पुरुषांत, हे चित्र वारंवार दिसतं.

दुसरा बिघाड टाकीचा. मोठ्या टाकीच्या जागी छोटी टाकी बसवली, तर पंप लागताच ती काठोकाठ भरते आणि थांबताच झरकन रिकामी होते. वय वाढतं तशी महाधमनी कडक होते आणि तिची साठवण्याची ताकद कमी होते. मग वरचा आकडा चढतो आणि खालचा घसरतो. म्हणून बहुतेकांचा खालचा आकडा पन्नाशीपर्यंत हळूहळू वाढतो, पुढे स्थिरावतो आणि नंतर उतरू लागतो. वरचा मात्र चढतच राहतो.

३. हा आकडा सापडला कसा?

भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. ज्या गावाने रशियन इंजिनिअरांसोबत दिवस काढले, तिथल्या वाचकांना हे आवडेल: बीपीचा खालचा आकडा मोजायला जगाला शिकवलं ते एका रशियन शल्यवैद्याने.

रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजला स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने. त्याने घोडीच्या धमनीला लांब काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून वर चढलं. १७३३ मध्ये त्याने हे प्रयोग छापले. माणसावर करता येईल अशी ही रीत नव्हतीच. १८९६ मध्ये इटलीच्या शिपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा आणला. पट्टा फुगवत जायचा आणि मनगटाची नाडी कुठे नाहीशी होते ते बघायचं. यात फक्त वरचा आकडा कळायचा.

मग आले निकोलाय कोरोत्कोव. युद्धातल्या जखमी धमन्यांवर काम करताना धमनीचा आवाज ऐकायची त्यांना सवय लागली होती. १९०५ मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्गला एक अगदी छोटं टिपण सादर केलं, पानभरही नव्हतं ते. पट्टा फुगवून धमनी पूर्ण बंद करायची आणि कोपराच्या घडीत स्टेथोस्कोप ठेवायचा. हवा हळूहळू सोडली की ज्या आकड्याला पहिली 'टक' ऐकू येते तो वरचा. आणखी हवा सोडत गेलं की आवाज बदलतात, मंद होतात आणि एका आकड्याला थांबतात, तो खालचा. धमनी दबलेली असते तोवर रक्त खळखळत जातं, म्हणून आवाज येतो. ती पूर्ण उघडली की रक्त गुपचूप वाहतं. शंभराहून अधिक वर्षं झाली, दवाखान्यात आजही हीच पद्धत चालते.

घरातल्या बॅटरीवरच्या यंत्राची तऱ्हा निराळी. ते आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा नाडीबरोबर किती थरथरते ते मोजतं, सर्वांत मोठी थरथर जिथे मिळते तिथून सरासरी दाब काढतं आणि वरचा-खालचा आकडा त्यावरून गणिताने ठरवतं. म्हणून दोन कंपन्यांच्या यंत्रांत दोन-चार आकड्यांचा फरक पडला, तर घाबरायचं कारण नाही.

४. सर्पगंधा आणि १४३ पुरुष

वाढलेला दाब ही शरीराची गरजच असावी, तो उतरवायला जाऊ नये, असं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक नामांकित डॉक्टर मानत. ही समजूत मोडली त्यात आपल्याकडच्या एका झुडपाचा वाटा आहे.

सर्पगंधा. छत्तीसगडच्या सालवनांत आढळणारी, वैद्यांच्या आणि आदिवासी घरांच्या परिचयाची वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये तो अभ्यास छापला. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषध वेगळं काढण्यात आलं, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. या माणसाचं नाव मराठी घरांत फारसं कुणाला ठाऊक नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे अमेरिकेत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी निवृत्त सैनिकांच्या इस्पितळांत एक चाचणी घेतली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. काहींना तीन औषधं एकत्र दिली, त्यातलं एक रेसर्पिन. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९६७ मध्ये निकाल छापला गेला. औषध नसलेल्या गटात पक्षाघात, हृदय कमकुवत होणं, मूत्रपिंड बिघडणं अशा २७ गंभीर घटना घडल्या होत्या, औषध मिळालेल्यांत फक्त २. पुढे १९७० मध्ये खालचा आकडा ९० ते ११४ असलेल्या ३८० पुरुषांतही औषधाचा फायदा दिसला.

दोन्ही चाचण्यांत माणसं निवडली होती ती खालच्या आकड्यावरून. त्यामुळे पुढची बरीच वर्षं डॉक्टरही खालच्या आकड्याकडेच बघून औषध ठरवत. "खालचं महत्त्वाचं" ही आपल्या आईवडिलांची समजूत त्या काळातून आलेली आहे.

सर्पगंधेबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. बाजारातून मुळी आणून उगाळून घेऊ नका. मुळीत औषध किती आहे ते घरी कळत नाही, आणि रेसर्पिनने माणूस खिन्न होऊ शकतो. आज त्याहून सुरक्षित गोळ्या स्वस्तात मिळतात.

५. लेक आणि वडील

समजा, कारखान्यात पाळीने काम करणारा ४२ वर्षांचा एक माणूस आहे, त्याचं बीपी १३२/९६. त्याच घरातले त्याचे ७० वर्षांचे वडील, त्यांचं १५६/६६. आईचा सगळा जीव वडिलांच्या १५६ मध्ये अडकलेला. मुलाचं "थोडंसंच तर आहे."

सरासरी दाब काढायचा साधा हिशोब असा: वरच्यातून खालचा वजा करा, त्याचा तिसरा भाग घ्या आणि तो खालच्यात मिळवा. मुलाचे १३२ वजा ९६ म्हणजे ३६, त्याचा तिसरा भाग १२, म्हणजे सरासरी १०८. वडिलांचे १५६ वजा ६६ म्हणजे ९०, तिसरा भाग ३०, सरासरी ९६. तिकडे कुणाचं लक्ष नसताना मुलाच्या धमन्या दिवसभर वडिलांपेक्षा जास्त सरासरी दाब सोसत आहेत.

म्हणजे वडील सुखरूप, असं मात्र नाही. त्यांच्या दोन आकड्यांतलं ९० चं अंतर सांगतं की टाकी लहान झाली आहे, महाधमनी कडक झाली आहे. त्यांचा वरचा आकडा उतरवायलाच हवा, फक्त बेताने. खालचा आधीच ६६ आहे. तो फार खाली गेला तर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडू शकतं, विशेषतः हृदयाच्या धमन्यांत आधीच अडथळे असतील तर. म्हातारपणी डॉक्टर गोळी हळूहळू वाढवतात, याचं एक कारण हे.

धोका कुठून सुरू होतो? ६१ अभ्यासांतल्या दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ४० ते ६९ वयात वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने जास्त असला, की पक्षाघाताने आणि हृदयाच्या धमन्यांच्या आजाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १३ लाख माणसांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वरच्याचा परिणाम मोठा, तरी खालचा आकडाही स्वतंत्रपणे धोका वाढवतो, हे त्यातून कळलं.

भारतात दवाखान्यात मोजलेलं १४०/९० किंवा जास्त हे उच्च रक्तदाब धरतात. दोन्हींपैकी एक आकडा ओलांडला तरी पुरे. घरी मोजताना हीच रेघ १३५/८५ वर येते. अमेरिकेच्या २०१७ च्या नियमांत ती १३०/८० आहे, म्हणून परदेशातला मुलगा फोनवर "बाबा, तुम्हाला बीपी आहे" म्हणतो आणि इथले डॉक्टर म्हणतात "अजून नाही." निदान एका आकड्यावर करायचं नसतं. वेगवेगळ्या दिवशी, नीट मोजलेले आकडे लागतात.

६. मोजताना होणारी चूक

खालच्या आकड्याला मोजण्यातली गडबड फार लवकर लागते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये छापलेल्या अभ्यासात, हात टेबलाऐवजी मांडीवर ठेवला तेव्हा दोन्ही आकडे सुमारे ४ ने जास्त आले. हात बाजूला लोंबत ठेवला, तेव्हा वरचा साडेसहाच्या आसपास आणि खालचा चारहून थोडा जास्त वाढला. पाठ टेकवली नाही तरीही खालचा वाढतो. ८७ चे ९३ व्हायला तेवढं पुरतं, आणि माणूस आयुष्यभराचा रुग्ण ठरतो.

म्हणून खुर्चीत पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर ठेवा, एकावर एक नको. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीत आणि उघड्या दंडावर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं न बोलता बसा. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा जिना चढणं झालेलं नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळ-संध्याकाळ असं आठवडाभर करून ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

पाळीने काम करणाऱ्यांनी वहीत पाळीही लिहावी. निरोगी माणसाचा दाब झोपेत १० ते २० टक्क्यांनी उतरतो. रात्रपाळी करून घरी आल्याबरोबर घेतलेला आकडा म्हणजे जागलेल्या शरीराचा आकडा. झोप झाल्यावर पुन्हा मोजा.

७. नळ मोकळे करायचे कसे?

फक्त खालचा आकडा उतरवणारी गोळी नाही, काढाही नाही. जे काही करायचं त्याने दोन्ही उतरतात. पण चाळिशीतल्या माणसाचे नळ आखडण्याची कारणं बरीचशी रोजच्या जगण्यात असतात, आणि ती सुटली की खालचा आकडा छान प्रतिसाद देतो.

मिठापासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. चार माणसांच्या घराचे दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पुडी ५० दिवस पुरली पाहिजे. आपल्या घरची किती दिवसांत संपते ते पुडी फोडताना तिच्यावर तारीख लिहून बघा. शिवाय पापड, लोणचं, फरसाण, बिजौरी यांचं मीठ त्या पुडीत नाहीच. बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, खाताना वरून घेतलेल्या चिमटीचाही हिशोब धरा. पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ मिळतं. चीनच्या ६०० गावांत केलेल्या चाचणीत (२०२१) ते वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, किंवा रक्तातलं पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

दुसरा मुद्दा गुडाखूचा. विडी-सिगारेट न ओढणारी माणसं, त्यात बायकाही, सकाळी दातांना गुडाखू घासतात आणि "मी तंबाखू घेत नाही" असं डॉक्टरांना मनापासून सांगतात. गुडाखूत तंबाखूच असतो. निकोटिन नाडी वाढवतं आणि बारीक धमन्या आखडतं. दिवसातून अनेकदा घासणाऱ्याच्या धमन्या अनेकदा आखडतात.

वजन, दारू आणि झोप यांबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून एकच सांगतो. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस असेल, तर त्या झोपेच्या आजाराची तपासणी आधी करा. खालचं बीपी हट्टाने चढं राहण्यामागे तो अनेकदा असतो. थायरॉइड मंदावलं तरी मुख्यतः खालचाच आकडा वाढतो, आणि ती तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, सर्दीची नाक मोकळं करणारी औषधं, इतकंच काय घशासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमधही दाब वाढवतं. डॉक्टरांना ही यादी आपणहून सांगा.

अर्धा तास भरभर चालणं, आठवड्यातले पाच दिवस. हुडकोतल्या मोकळ्या रस्त्यांवर त्याला पैसे पडत नाहीत.

८. गोळी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, १५ वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के जणांचा दाब वाढलेला आढळला किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. एवढ्या लोकांना हृदयरोगतज्ज्ञ पुरणार नाहीत. म्हणून २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग होते. भंडारा तर भिलाईहून नागपूरला जाताना वाटेतच लागतं. कल्पना साधी: मोजक्या स्वस्त गोळ्यांचा ठरलेला क्रम, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, आणि गावाजवळच्या केंद्रात परिचारिकेने बीपी मोजणं.

वरच्या उदाहरणातल्या मुलासारखं कुणाचं खालचं ९० ते ९९ असेल आणि मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार नसेल, तर डॉक्टर बहुधा काही महिने मीठ, वजन आणि झोप सुधारायला देतात. तेवढ्याने उतरलं नाही तर गोळी. खालचं १०० च्या वर राहत असेल तर गोळी लांबवू नये. गरोदरपणात खालचं ९० झालं की लगेच दाखवायचं, ११० म्हणजे त्याच क्षणी इस्पितळ.

बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा दृष्टी अंधुक होणं यांतलं काही असेल, तर घरी वेळ न घालवता इस्पितळ गाठा. काहीच त्रास नसेल तर शांत बसा, पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जिभेखाली कॅप्सूल फोडून दाब झटक्यात उतरवण्याची जुनी रीत धोक्याची ठरली आहे. एकाएकी घसरलेल्या दाबाने मेंदूचा आणि हृदयाचा पुरवठा तुटू शकतो.

भिलाईच्या उन्हाळ्याबद्दल एक सांगायचं राहतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो आणि भट्टीजवळ काम करणाऱ्याला घामाच्या धारा लागतात. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल, तर पाणी आणि क्षार दोन्ही झपाट्याने जातात आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी कुणी परस्पर मीठ वाढवतो, कुणी गोळी बंद करतो. दोन्ही नको. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच आठवडाभर बीपी बसून मोजा, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवून मात्रा ठरवून घ्या.